अर्धी गाठ

१९ मे
वरच्या निवाऱ्यावरून

आणि दोर ताणून मी पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून दंतवैद्य म्हणाला, "थांबा हो जरा. हे असंच ठेवायचं असतं का?"

तो माझ्या कमरेकडे बोट दाखवत होता. मी खाली बघितलं. दोरात आठाचा आकडा झाला होता, टोक हार्नेसमधून ओवलेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. तुला माहीतच आहे, ते टोक आठाच्या वळणांवरून परत फिरवलं की मगच ती गाठ. ते फिरवलेलंच नव्हतं. पायजम्याच्या नाडीसारखं पुढे लोंबत होतं.

मी मान वर केली. दंतवैद्य, त्याची बायको आणि मेव्हणा, या वेळचे माझे तिघं ग्राहक, माझ्याकडे बघत होते. मी हसलो. म्हटलं, "शाब्बास. कोण बोलतंय याचीच वाट बघत होतो."

"म्हणजे परीक्षा होती?" मेव्हण्याने विचारलं.

"वर हवा विरळ. डोकं मंद चालतं. कोणाचे डोळे उघडे आहेत, ते खालीच कळलेलं बरं."

मग त्यांच्यासमोर सावकाश, शाळेत दाखवतात तशी, गाठ पूर्ण केली. हे परवा सकाळी, ऑफिसच्या मागच्या अंगणात. बर्फ अजून कुंपणापर्यंत येतं, दोर अजून तिथेच बांधतो. आज शिखर झालं. वारा नव्हता. दंतवैद्य वर पोचल्यावर रडला आणि खाली आल्यावर गाठीची गोष्ट त्याने मावशींना तीनदा सांगितली. निवाऱ्यावरचा स्वयंपाक अजून मावशीच बघतात. त्या सूप ढवळता ढवळता म्हणाल्या, "दातांचा डॉक्टर तो. फट दिसणारच त्याला."

तुला गंमत वाटेल म्हणून लिहिलं. फोनवर आपलं काही होत नाही. मी हवामान सांगतो, तू हं म्हणतेस.

तुमच्याकडे ते आत घालायचे पातळ हातमोजे मिळतात का? माझे फाटले आहेत. घाई नाही.

तुझी ती चढाई शिकवायची भिंत कशी आहे? मुलं फार पडतात का?

बाबा


८ जून
खोलीवरून

माकडे,

हातमोजे मिळाले. मापाला बरोबर आहेत. माप तुझ्या लक्षात आहे, हे मी दोनदा घालून बघितलं.

कार्डही मिळालं. "तुम्ही कधी कोणाची परीक्षा घेतली नाहीत. गाठ अर्धी का राहिली?" एवढंच. खाली नावही नाही.

दोरावर असताना तू मला सर म्हणायचीस, तुम्ही म्हणायचीस. मग घरी येऊन बूट काढता काढता, "बाबा, चहा टाक ना." कार्डावरची तू कुठली, ते मला ठरवता आलं नाही.

गाठ राहिली कारण लक्ष बोलण्यात होतं. दंतवैद्याची बायको विचारत होती, वर बाथरूमचं काय. ते कुणालाही नीट समजावून सांगावं लागतं. झालं इतकंच.

इकडे त्याचा भलताच गाजावाजा झाला. दंतवैद्याने ऑफिसला पानभर कौतुक लिहून पाठवलं. व्यवस्थापकांनी ते काचेत घालून दारात लावलं. गाइडांच्या बैठकीत मला म्हणाले, "सर, इतकी वर्षं ही युक्ती खिशात घालून फिरत होता? आम्हाला सांगायचं की." सगळे हसले. मीही हसलो.

घोडा आता पक्का गाइड झाला. तुझ्याबरोबर शिकायचा तो, लांब टांगांचा, सगळ्यांच्या पुढे जाऊन दात काढत उभा राहणारा. बैठक संपल्यावर तो जिन्यात माझी वाट बघत थांबला होता.

"सर, मी पण करू का तसं? गाठ अर्धी ठेवायची, बर्फाची सपाटी संपेपर्यंत कोणी बोललं तर ठीक, नाही तर आपण दाखवून द्यायचं. लोक जन्मात विसरणार नाहीत."

मी म्हटलं, "बघ बाबा, तुझं तू."

तू विचारशील, नाही का म्हटलं नाहीस. जिन्यात अंधार होता, मागून लोक येत होते, आणि काय म्हणून नाही म्हणणार होतो?

आता तिघं-चौघं करतात. ग्राहकांना आवडतं.

बाबा


२९ जून
खोलीवरून

माकडे,

दुसरं कार्डही एका ओळीचं. "आतले हातमोजे उन्हाळ्यात कशाला लागतात?"

तू गाइड व्हायला नको होतंस. पोलिसात जायला हवं होतंस.

बरं, लिहितो. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं टोक. मागच्या शरद ऋतूत एका ग्राहकाचा हातमोजा वाऱ्याने उडाला, मी माझा दिला. बोटं काळी पडली नाहीत, कापावी लागली नाहीत, म्हणून मी बोललो नाही. नुसती गप्प झाली. डॉक्टर म्हणाला, आता ती परत यायची नाहीत. मी विचारलं, जागेवर तर आहेत ना. तो हसला नाही.

गेल्या आठवड्यात निवाऱ्यावर मी चुलीवरचं भांडं उतरवत होतो. मावशी ओरडल्या, "अहो, हात भाजतोय तुमचा!" मला वास आधी आला.

त्यांनी हातावर मलम लावलं आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला भांड्याला हात लावू देत नाहीत. "तुम्ही बसा. पुरुषांची लुडबुड नको." त्यांच्याकडून ही गोष्ट कुठे जाणार नाही.

तीस वर्षं मी गाठ बघून मारलेली नाही. डोळे आभाळाकडे, कान ग्राहकाकडे, गाठ बोटांकडे. झालं की बोटं सांगायची. आता ती सांगत नाहीत, आणि मी विचारायला विसरतो. त्या दिवशी बाथरूमच्या बोलण्याने गाठ राहिली नव्हती. ती पूर्ण झाली असंच मी समजत होतो.

आता मी बघून मारतो. जपतो. तू काळजी करू नकोस. ऑफिसला कळवण्यासारखं काही नाही.

कळवलं तर काय होईल, तेही तुला माहीत आहे. दोर जाईल. मग ही खोली. खाली दोरांचं कोठार, वर मी. एक खिडकी, तीही गॅरेजकडे. सुट्टीच्या दिवशीही पहाटे जाग येते, आणि उठून मी सामान जमिनीवर मांडतो. बर्फात रोवायची कुऱ्हाड, बुटांचे काटे, दोर. सगळं बघून झालं की परत भरतो. मग उभ्यानेच ब्रेड खातो. कोपऱ्यावरची भाजीवाली मला काका म्हणते आणि छत्री सरळ करायला लावते. तिला वाटतं मी निवृत्त कारकून आहे. वर माझ्या मागे माणसं जिथे पाऊल टाकतात तिथे मी आधी टाकलेलं असतं. खाली मला कुठे जायचं असतं, हे मलाच माहीत नसतं.

तू लहान होतीस तेव्हा मी निघताना दारात हार्नेस घालून उभा राहायचो. खरं म्हणजे तिथे त्याची गरज नसायची. तुझ्यासाठी गाठ मारायचो. तू दोन्ही हातांनी लोंबकळून ती दोनदा ओढायचीस आणि म्हणायचीस, "पक्की." तुझी आई म्हणायची, "आता सोडा हो तिला, शाळेची बस जाईल."

धुक्यातल्या त्या दिवसाबद्दल तू काही लिहीत नाहीस. मीही लिहिणार नव्हतो. माझं मत बदललेलं नाही. डोंगराच्या धारेवर, पाठीमागे दोरावर माणसं, आणि तू वळून त्यांना म्हणालीस, "मी वाट चुकले आहे. दहा मिनिटं थांबू या." मी मागच्या दोरावर होतो. एक बाई रडायला लागली, एक जण परत फिरू म्हणाला. ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो की ही मुलगी यापुढे दोर नेणार नाही. तू विचारलंस, "मग चुकल्यावर काय करायचं, सर?" मी म्हणालो, "सावरून घ्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं."

गाइड घाबरला की दोर घाबरतो. हे मी अजून मानतो.

तू मात्र तुझं सामान त्याच दिवशी नेलंस.

बाबा


१७ जुलै
खोलीवरून

माकडे,

आठवडाभर आभाळ स्वच्छ आहे. रात्री बर्फ नीट गोठत नाही. सकाळी लवकरच मऊ पडतं. अशा दिवसांत भेगांवरचे बर्फाचे पूल नुसते वरून बरे दिसतात.

घोडा दवाखान्यात आहे. मांडीचं हाड मोडलं आहे आणि दोन फासळ्या. जीव वाचला. आता सांगतो.

मंगळवारी त्याचा दोर पुढे, माझा मागे. त्याच्या दोरावर दोघं भाऊ आणि एक शिक्षिका. त्याने अंगणात गाठ अर्धी ठेवली. सपाटी संपली की भेगा सुरू होतात, त्याच्या आधी तो दाखवून देणार होता. तिथे पोचतोय तोच धाकट्या भावाच्या बुटाचे काटे सुटले. घोडा गुडघ्यावर बसला, पट्टा घट्ट केला, त्याला दोन शब्द चेष्टेचे बोलला, उठला आणि चालायला लागला.

तिसऱ्या-चौथ्या पावलाला पूल गेला. मागच्या तिघांनी शिकवल्याप्रमाणे अंग टाकलं, कुऱ्हाडी रोवल्या. झटका आलाच नाही. दोराचं मोकळं टोक बर्फावर पडून राहिलं होतं.

मी पोचलो तेव्हा दोघं भाऊ ओरडत होते आणि शिक्षिका त्या टोकाकडे बघत बसली होती. भेगेत खाली एक कंगोरा होता, त्यावर तो अडकला होता. हाक मारली तर शिवी ऐकू आली. त्या शिवीने मला किती बरं वाटलं, तुला सांगता येणार नाही.

उतरायला मीच होतो. बर्फात कुऱ्हाड पुरली, दोर बांधला, हातमोजे काढले आणि गाठीकडे बघत गाठ मारली. झाली. तरी मला खात्री वाटेना. जवळ शिक्षिकाच होती. मी म्हटलं, "बाई, ही ओढून बघा."

"मी?"

"जोरात ओढा."

तिने ओढली. मग स्वतःहूनच पुन्हा एकदा ओढली. मी उतरलो.

आता पुढचं, ज्यासाठी हे पत्र. काल दवाखान्यात गेलो. घोडा औषधाच्या गुंगीत होता. मला बघून म्हणाला, "सर, तुमची युक्ती बरोबरच होती. माझी वेळ चुकली. त्या येड्याच्या पट्ट्यात अडकलो."

बाहेर बाकावर शिक्षिका बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला बघून उभी राहिली, वर्गात कुणी आल्यावर राहतात तशी.

"मला दिसलं होतं हो," ती म्हणाली. "अंगणातच दिसलं होतं. मला वाटलं, त्यांना माहीत असेल. गाइडला आपण काय सांगायचं?"

मी तिला बसा म्हटलं. ती बसली नाही.

व्यवस्थापकांनी मजकूर तयार केला आहे. ग्राहकांना गाठ तपासण्याची सूचना दिली होती, त्यांनी ती पाळली नाही. दोघं भाऊ सही करायला तयार नाहीत. शिक्षिका तयार आहे. म्हणाली, खरंच आहे ते, मी बोलले नाही. उद्या सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आहे. मला व्यवस्थापक म्हणाले, "सर, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. ही परीक्षा का घेतो, कशासाठी घेतो. तुमच्या तोंडून आलं की वजन पडतं."

मी बरं म्हटलं.

दोन शब्दांत वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं. त्या खोलीतून बाहेर पडलो की माझा दोर मला राहील, आणि ती बाई उरलेला जन्म शाळेत फळ्यासमोर उभी राहून ते लोंबतं टोक बघेल. बाकीचे गाइड सोमवारी पुन्हा अर्धी गाठ मारून निघतील. खरं सांगितलं तर हे काही होणार नाही, आणि माझ्याकडे ही खिडकी उरेल.

दुपारपासून टेबलाशी बसलो आहे. सोपं आहे, असं तू म्हणशील. तुला ते धारेवर उभं राहून जमलं होतं.

बाबा


१८ जुलै
खोलीवरून

माकडे,

कालचं पत्र पाठवलं नाही. दोन्ही एकत्र पाठवतो.

खुर्च्या कमी पडल्या. गाइड भिंतीला टेकून उभे होते, शिक्षिका पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर. दंतवैद्याचं कौतुक दारावर तसंच होतं. व्यवस्थापक बरंच बोलले आणि मग म्हणाले, "आता सर."

मी म्हणालो, "ती परीक्षा नव्हती. माझी गाठ राहिली होती."

मग मागून कुणीतरी हसलं. "सर, ही पण परीक्षा का?" आणि सगळेच हसायला लागले, सुटल्यासारखे. व्यवस्थापकही. "सर, तुम्ही म्हणजे ना!"

मी इतक्या वर्षांत एकदा खरं बोललो आणि त्यांनी मला शाबासकी द्यायची तयारी केली होती.

मग मी कोठारातून दोर मागवला. हार्नेस चढवला. हातमोजे काढून टेबलावर ठेवले. म्हटलं, "मी नेहमी मारतो तशी गाठ मारतो." खिडकीकडे बघत उभा राहिलो. समोर गॅरेजवाला एका गाडीखाली झोपून काहीतरी पिळत होता. हात आपापलं काम करत होते. खोलीत हळूहळू शांतता झाली. मला झाली असं वाटलं तेव्हा मी म्हणालो, "झाली." आणि त्यांच्याबरोबरच मी खाली बघितलं.

टोक एका वळणावरून परत गेलं होतं. पुढच्या वळणाला बाहेरच राहिलं होतं.

मला खरोखर वाटलं होतं की ती झाली. हे मी तुलाच सांगतो आहे. त्यांना दाखवायला मी मुद्दाम काही केलं नाही.

व्यवस्थापक म्हणाले, "कधीपासून?" मी बोटांचं सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, तेवढ्यात दार आपोआप लोटलं गेलं आणि ती काच वाजली. मी शिक्षिकेकडे वळलो. "बाई, तुम्हाला दिसलं, हे चांगलं झालं. तुम्ही सही करायची नाही. पुढे कधी काही दिसलं तर बोला, समोर कोणीही असो."

ती म्हणाली, "तुमची गाठ मी ओढली होती."

"हो."

"ती होती ना पक्की?"

"ती पक्की होती."

मग ती रडली. मला काय करावं कळेना, मी दोर गुंडाळत राहिलो.

ओळखपत्र दुपारी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत खोलीत राहा. पुढचं पुढे बघू." वाईट माणूस नाही.

संध्याकाळी घोड्याकडे गेलो. दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. तो शुद्धीत होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी तुमच्या विसरण्याची नक्कल करत होतो."

मी थांबलो. नर्स आली, वेळ संपली म्हणाली. दारातून मागे बघितलं तर त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. उद्या परत जाईन. तो नको म्हणाला तर बाकावर बसेन.

चुकल्यावर काय करायचं, या तुझ्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. तुझं बरोबर होतं, आणि तेही मी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. ऑफिसात आज ते जमलं नाही, गर्दी होती. इथे लिहून ठेवतो.

तू ये असं मी म्हणत नाही. तिथे तुझी मुलं भिंतीवर चढायच्या आधी एकमेकांच्या गाठी बघतात, असं तू एकदा फोनवर म्हणाली होतीस. मी तेव्हा हं म्हटलं होतं.

बाबा


१९ जुलै
सकाळी

पाकीट अजून बंद केलेलं नाही, म्हणून एवढं लिहितो.

पहाटे नेहमीसारखी जाग आली. सामान मांडलं नाही. तुकडी निघायच्या वेळी खाली अंगणात गेलो आणि कुंपणापाशी उभा राहिलो. कोणी माझ्याशी बोललं नाही. दोर बांधून झाला. पुढे नेणारी एक नवीन मुलगी आहे, यंदाच लागली. तिने पाऊल टाकलं, थांबली, आणि दोर सैल करून माझ्यापर्यंत आली. दोन्ही हात बाजूला धरून उभी राहिली.

मी गाठीकडे बघितलं. मग ती धरून ओढली. पुन्हा एकदा ओढली.

म्हटलं, "पक्की."

तिने मान हलवली आणि ते गेले. बर्फ कडक होतं. मी दोरांचं कोठार झाडून काढलं.